पट्ट्याला काय कळतं

"हरेश, आधी सायकल थांबवा," कंपनीच्या डॉक्टर शुभदा फोनवर म्हणाल्या. "तुमचे ठोके एकशे नव्वदवर गेलेत. पडतायत पण वेडेवाकडे."

हरेश तेव्हा सोफ्यावर मांडी घालून चहा पीत होता. त्याचे ठोके अगदी शहाण्यासारखे पडत होते.

सायकल बाल्कनीत होती, जागच्या जागी फिरणारी. तिच्यावर गोजरा होती, घरची धुणीभांडी करणारी. ऑफिसने फिटनेसची स्पर्धा काढली होती. घरी सायकल मारायची, पेडलचा सेन्सर आणि दंडावरचा पट्टा वायरीशिवाय आकडे मोबाइलवर पाठवणार, अ‍ॅप नंबर लावणार, कंपनीच्या डॉक्टर ठोक्यांवर नजर ठेवणार. हरेशने पहिल्या दिवशी चार मिनिटं पाय मारले आणि जीभ बाहेर काढली. मग त्याचं सुपीक डोकं चाललं. दंड कोणाचा, हे पट्ट्याला काय कळतं?

"गोजरा, लादी राहू दे. अर्धा तास सायकल मार," तो म्हणाला. साहेब सांगतात म्हणून ती बसली. महिनाभर बसत होती. हरेश पहिल्या नंबरवर होता, वाशीच्या ऑफिसात मिरवत होता. आज शेवटचा दिवस होता.

"ऐकताय ना? चक्कर येते का?" डॉक्टरांनी विचारलं.

क्षणभर हरेशला हायसं वाटलं. दुखणं आपलं नाही. आणि लगेच त्या हायसं वाटण्याचीच इतकी लाज वाटली, की कान तापले. खरं सांगितलं तर ऑफिसात तोंड दाखवायची सोय नव्हती. नाही सांगितलं तर ती बाई अजून दहा मिनिटं पाय मारणार होती.

"सायकलवर मी नाहीये, डॉक्टर," तो म्हणाला. "आमच्या कामवाल्या बाई आहेत. महिनाभर त्याच आहेत."

"त्यांना उतरवा. अ‍ॅम्ब्युलन्स पाठवते. चक्कर येते का, ते त्यांना विचारा."

हरेश बाल्कनीत धावला. हाताला धरून त्याने तिला खुर्चीवर बसवलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"धा मिन्टं राह्यलीत की, सायेब."

"राहू द्या. तुम्हाला चक्कर येते का, गोजराबाई?"

"येती की. रोजच येती," ती पदराने घाम पुसत म्हणाली. "मला वाटलं, या सायकलीनं समद्यांनाच येती. म्हनून तर तुमी सोता बसत न्हाई."