विहिरीवरची केसर

"लागला गं दादी," आफिया म्हणाली आणि तिने टीव्हीचा आवाज वाढवला. बिल्किसने लसणाची परात बाजूला सारली, चष्मा पुसला आणि खुर्ची पुढे ओढली. तिचा नवरा रशीद मात्र चपला शोधू लागला.

"जरा बोर्लीच्या बाजारात जाऊन येतो. मासळी संपेल."

"गुमान बसा. फ्रीजमध्ये सुरमई पडलीय."

रशीद बसला.

नोकरीला कुवेतमध्ये असताना त्याच्याकडे या पिक्चरची कॅसेट होती. जुना, गावरान प्रेमाचा पिक्चर. त्यातल्या नायिकेचं नाव केसर. रशीद सुट्टीवर आला की ओटीवर बसून घरादारासमोर त्या केसरचं कौतुक करायचा. ती विहिरीवर पाणी काढते, दोर हातातून निसटतो, ती बादलीलाच शिव्या देते, आणि कोणीतरी बघतंय हे ध्यानात आलं की पदर दातात धरून हसते. तसलं हसणं म्हणे दुनियेत दुसरं नाही. सासू-सासरे ऐकायचे, धाकटा दीर मजीद ऐकायचा, आणि चहाचे कप फिरवता फिरवता बिल्किसही ऐकायची. नवरा घरी येणार महिनाभर, आणि त्याच्या तोंडी ही बया. बिल्किसचा नुसता जळफळाट व्हायचा. एकदा तर दार लावून घेऊन तिने आरशासमोर तसं हसून पाहिलं. मग स्वतःचीच इतकी लाज वाटली की रडू आलं.

सासू-सासरे गेले, नोकरी संपली, कॅसेट तिकडेच राहिली. केसर काही या घरातून गेली नाही. शेवटी बिल्किसने नातीला गळ घातली, "मोबाईलवर सगळं मिळतं म्हणतेस ना? मग मरायच्या आधी मला ती बाई एकदा बघायचीय." आफियाने आज पिक्चर शोधून काढला होता.

पिक्चर अगदीच रद्दड निघाला. हिरो मनगटात घड्याळ घालून नांगरत होता. शेतात राबणाऱ्या केसरच्या लुगड्याची इस्त्री मोडत नव्हती आणि पापण्या तर उघड उघड चिकटवलेल्या. हिरो तिची वाट अडवायचा, हात धरायचा, ती रागवायची आणि लगेच गाणं सुरू व्हायचं. आफिया हसून हसून लोळायला लागली. "दादा, हे प्रेम हाय? याला तर पोलिसात द्यायला पाहिजे."

रशीदही हसला, पण उशिरा. बिल्किसला हसू येईना. ती नुसती केसरकडे बघत होती. बाई दिसायला बरी होती, पण एवढं काय होतं तिच्यात? हसताना तर ती आधी कॅमेऱ्याकडे बघायची. बिल्किसने मनाशी म्हटलं, थांब, विहीर येऊ दे, मग बोलू.

विहीर आलीच नाही. जत्रा आली, मारामारी आली, लग्न आलं, आणि बैलगाडी डोंगराआड जाऊन पिक्चर संपला.

"ती विहिरीवरची कुठंय?" बिल्किसने विचारलं.

"कापली असंल," रशीद म्हणाला.

"काय कापलं न्हाय, पूर्ण पिक्चर हाय हा," आफिया म्हणाली.

बिल्किसने खुर्ची नवऱ्याकडे वळवली. तिचा आवाज चढला नाही. "इतकी वर्षं मी जिचा दुस्वास केला ती बाई यात न्हाय. मग ती होती कोण? तिकडची कोणी होती? आता या वयात मी काय घर सोडून जात न्हाय. पण खरं सांगा."

रशीदचा चेहरा उतरला. हे तिच्या मनात येईल असं त्याला कधी वाटलंच नव्हतं. "तोबा, तोबा," तो म्हणाला. "अगं, मजीदच्या लग्नाला मला रजा मिळाली न्हाय. त्याने लग्नाची कॅसेट पाठवली. तेव्हा सगळे कशी पाठवायचे, आठव."

बिल्किसला आठवलं. घरच्या बाया त्या कॅसेटमध्ये उघड्या तोंडाने वावरायच्या. कुवेतला कॅसेट नेणाऱ्या माणसाने वाटेत लावून बघायला नको, म्हणून पुढे एखादा भिकार पिक्चर ठेवायचे आणि घरचं शूटिंग त्याच्या शेपटाला जोडायचे. पुढे कोणता पिक्चर लावला हे व्हिडिओवाल्यालाच ठाऊक असायचं.

"लग्नाच्या सकाळी तो कॅमेरा घेऊन आपल्या मागल्या परड्यात शिरला होता," रशीद खाली बघत म्हणाला. "तू पाणी काढत होतीस."

बिल्किसने चष्मा काढून पुन्हा पुसला. ती म्हणाली, "मग मेलं माझं नाव घ्यायला काय झालं होतं?"

"ओटीवर अब्बा, अम्मी बसलेले. त्यांच्यासमोर बायकोचं कौतुक करू? आपल्यात कोणी केलंय कधी? पण बोलल्याशिवाय राहवायचं न्हाय. पुढच्या पिक्चरातलं केसर हे नाव तेवढं कानावर पडलं होतं, म्हणून तिच्या नावावर खपवलं."

"आणि ती दोघं गेल्यावर?"

"तोवर तू जळायला लागली होतीस." रशीद ओशाळून हसला. "मला बरं वाटायचं."

बिल्किसने लसणाची परात पुन्हा मांडीवर ओढली. डोळे भरून आले होते म्हणून तिला पाकळी दिसेना, तरी ती सोलत राहिली. मघाशी आपण फारच हसलो, असं आफियाला वाटलं.

"सॉरी हां दादा," ती म्हणाली. "तुमच्या एवढ्या आवडत्या पिक्चरला मी नावं ठेवली."

"ठेव की," रशीद म्हणाला. "मी तरी कुठे आजवर बघितला होता?"