प्रश्न सांगणारी

चिमणी खुर्चीत बसली आणि खुर्ची जणू तिच्याच मापाची निघाली. काचेअलीकडे, यंत्रांच्या खोलीत बसलेल्या ताईंना आधी तेच खुपलं. सकाळी त्या स्वतः तिथे बसल्या तेव्हा पाय अधांतरी राहिले होते, खाली लाकडी ठोकळा सरकवावा लागला होता. चिमणी मात्र ताडासारखी उंच. तिला चिमणी म्हणत ते नुसत्या आवाजावरून.

राजकीय मुलाखतींच्या कार्यक्रमाला नवं माणूस हवं होतं. जुने मुलाखतकार गेल्याच आठवड्यात निवृत्त झाले. त्यांच्या धारदार प्रश्नांचा केवढा बोलबाला! ते प्रश्न वर्षानुवर्षं त्यांच्या कानातल्या बारक्या यंत्रात सांगितले होते ताईंनी, याच खोलीतून, माइकला ओठ लावून. जात्यात दाणे सोडणारी मूठ ताईंची आणि पिठाचं कौतुक त्यांचं. आता तरी आपण काचेपलीकडे जाऊ, असं ताईंनी मनाशी धरलं होतं. आणि मध्येच ही उगवली. ताईंनीच हाताला धरून कामाला लावलेली.

संपादकांनी परीक्षा साधी ठेवली. एकीने खुर्चीत बसायचं, दुसरीने तिच्या कानात बोलायचं, मग अदलाबदल. समोर पाहुणे म्हणून एक माजी मंत्री. मंत्रिपद सुटलं होतं, कॅमेऱ्याची ओढ सुटली नव्हती. प्रक्षेपित न होणाऱ्या या चाचणीलाही ते कडक इस्त्री करून आले होते.

सकाळी ताईंच्या कानात चिमणीने वेळच्या वेळी नेमके प्रश्न सांगितले. ताईंनी ते विचारले, मंत्र्यांनी लोण्यासारखी उत्तरं दिली. संपादक ‘छान’ म्हणाले. तो ‘छान’ दातात अडकलेल्या तंतूसारखा ताईंच्या जिभेला दुपारपर्यंत सलत होता.

आता चिमणीने कोसळलेल्या पुलाचा विषय काढला. पूल पुरा व्हायच्या आधीच उद्घाटन का उरकलं, असं तिने सरळ विचारलं.

“लोकांची मागणी होती,” मंत्री हसून म्हणाले.

पुढचा प्रश्न ताईंच्या ओठांवर आयता आला. मागणी कुणी केली, एक नाव सांगा. एवढंच. चिमणीला तो सुचला नव्हता. ती मंत्र्यांकडे बघत होती, पण तिचे कान इकडे होते, हे ताईंना तिच्या मानेवरून कळलं. सवयीने त्यांचं बोट माइकच्या बटणावर पडलं. ते बटण एकदा दाबलं की पुन्हा दाबेपर्यंत चालूच राहतं. लाल ठिपका उजळला.

ताई बोलल्या नाहीत.

शब्द गिळला आणि तो गोड लागला. बुडू दे. एकदा तिलाही कळू दे, कानात कुणी नसलं की खुर्ची केवढी मोठी होते ते.

चिमणी थांबली. तिची बोटं कानाकडे निघाली आणि अर्ध्या वाटेवरून मांडीवर परत आली. ती नुसती बघत राहिली. मंत्र्यांचं हसू जागच्या जागी सुकू लागलं. त्यांनी बाही नीट केली, पाण्याचा घोट घेतला. समोरची बाई बोलेना. त्यांनी घसा खाकरला.

“आता काय सांगू,” ते म्हणाले, “इंजिनियर नकोच म्हणत होता. निवडणूक तोंडावर. मीच म्हटलं, उरकून टाका.”

काचेअलीकडे सगळे हातातली कामं सोडून बघत राहिले. संपादकांचा चहाचा कप ओठांपाशीच थांबला. आपण काय बोलून गेलो ते मंत्र्यांच्याही ध्यानात आलं असावं, कारण ते एकदम घड्याळ बघू लागले.

“याला म्हणतात मुलाखत,” संपादक सावकाश म्हणाले. मग ते ताईंकडे वळले. “ताई, हे गप्प राहणं तुम्ही सांगितलंत तिला?”

“मी काहीच सांगितलं नाही.”

“बघा,” ते बाकीच्यांना म्हणाले, “श्रेय घ्यायचं म्हटलं की या बाईंच्या अंगावर काटा येतो.” सगळे मायेने हसले. मग माणूस ठरलं म्हणून ते स्वतः तिला सांगायला पलीकडे गेले. काचेतून ताईंना दिसलं, चिमणीने ओंजळीत तोंड लपवलं, मग हसली, मग कुणीतरी तिच्या पाठीवर थाप मारली. ताईंच्या छातीत चुलीतलं ओलं लाकूड धुमसावं तसं काहीतरी धुमसत होतं, पेटत नव्हतं आणि विझतही नव्हतं.

खोली रिकामी झाली तशी चिमणी आत आली. ताईंनी तयारी करून ठेवलेलं हसू पुढे केलं. “छान केलंस हो.”

“आधी वाटलं, तार तुटली,” चिमणी म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखा किलबिलत नव्हता. “मग कळलं, तुम्ही आहात.”

ताई समोरचे कागद उगाच नीट लावू लागल्या.

“सकाळी मलाही वाटलं होतं ताई, गप्प बसावं. तुम्ही खुर्चीत होतात ना, तेव्हा. प्रश्न असा तोंडात धरून ठेवला होता. पण तुम्ही तिथे एकट्या दिसलात. मग सांगून टाकला.”

तिने मूठ उघडून पुढे केली. तळहातावर कानातलं वाटाण्याएवढं यंत्र होतं. ताईंच्या समोर लाल ठिपका अजून तेवत होता. आणि चिमणीच्या तळहातातून, अगदी बारीक, त्यांचाच श्वास ऐकू येत होता.