कला शाखेची खाट

दहावीच्या निकालानंतर शाळेच्या सभागृहात तीन खाटा मांडल्या होत्या: विज्ञान, वाणिज्य आणि कला. ज्या खाटेवर झोपावं, त्या शाखेतलं आपलं पुढचं आयुष्य दहा मिनिटांत स्वप्नात दिसायचं. विज्ञानापुढे रांग होती. कलेच्या खाटेवर पालकांनी पिशव्या ठेवल्या होत्या.

ऋजुता निगुडकर तिन्हींवर झोपून आली. "बाबा, मला कलाच हवी."

"काय दिसलं एवढं?"

"उन्हात बसून जमीन उकरत होते. हातात खापराचा तुकडा होता, आणि मी गात होते."

"ब्याण्णव टक्के मिळवून खापरं? खाटच बिघडली असणार."

निगुडकर गादी घेतानासुद्धा दुकानात आधी स्वतः आडवे होऊन बघत. त्यांनी खाटेवर पुन्हा येऊन पडलेल्या पिशव्या सरकवल्या आणि ते आडवे झाले.

मुलं दहा मिनिटांत उठत. निगुडकर अर्धा तास झाला तरी उठेनात. त्यांचा हात हवेत संथपणे फिरत होता, कुठल्याशा मोठ्या भिंतीला आभाळाचा रंग देत असावा तसा.

"उठव त्यांना," देवस्थळी मॅडम म्हणाल्या. "एकच्या आत अर्जावर पालकांची सही नाही आली, तर आपोआप विज्ञान मिळतं."

"राहू दे ना थोडा वेळ, मॅडम. घरी ते असे हसत नाहीत."

एकला दोन मिनिटं असताना निगुडकर आपणहून उठले. त्यांनी पेन मागितलं आणि कलेपुढे सही केली.

"आईला काय सांगायचं?" ऋजुताने विचारलं.

निगुडकर चपला शोधत होते. "सांग, बाबांचा डोळा लागला होता."