अंगणातला कॅमेरा

अंगणातला कॅमेरा उघडताच दुरुस्तीला आलेल्या शैलेंद्रला जळका वास आला. बारा व्होल्टच्या कॅमेऱ्याला कुणीतरी थेट घरातली लाइन जोडली होती.

"वत्सलाकाकू, हा बसवला तेव्हाच जळलाय. पुण्यात तुमच्या मुलाला यातून काय दिसणार?"

"पण मला दिसतं की!" काकूंनी फोन पुढे केला. "हे रोज दुपारी झोपाळ्यावर येऊन बसतात."

कॅमेरा शैलेंद्रच्या हातात होता, तरी फोनवर झोपाळा हलत होता. त्यावर काका बसले होते. गेल्या वर्षी त्यानेच त्यांना खांदा दिला होता. त्याने वळून पाहिलं. अंगणातला झोपाळा रिकामा होता.

त्याने घाईघाईने नवा कॅमेरा बसवला. चित्र स्वच्छ आलं, पण झोपाळ्यावर कुणीच नव्हतं.

काकूंचा चेहरा उतरला. "जुनाच लावून दे रे, बाळा."

शैलेंद्र जुना कॅमेरा घेऊन पुन्हा शिडीवर चढला.