बहिरी बाजू

कांद्याचा पापुद्रा.

अठ्ठावीस गोधड्या. त्यातल्या अकरा मालनबाईच्या हातच्या.

बौद्धवाड्यातल्या बायांनी रांजणाला हात लावायचा नाही. वरून वाढतील तेव्हा ओंजळ धरायची.

एक टाळी समोरून, एक मागून, एक बाजूनं.

मयताचं कारण : ऊन लागणे.

फुंकू नका.

टेप थांबली. आखाडा बाळापूरच्या कापसाच्या जिनिंगच्या रिकाम्या गोदामात भर दुपारी तबकडीसाठी गाणं भरणं चाललं होतं. चौऱ्याहत्तर सालचा मार्च होता. भिंतींचा घुमारा मारायला मुंबईच्या तबकडी कंपनीच्या सबनीस साहेबांनी गोधड्या मागितल्या होत्या. बौद्धवाड्यातल्या बायांनी त्या डोक्यावरून आणून खिळ्यांना टांगल्या होत्या. मधोमध दांडीवर माईक, नारळाएवढा, जाळीचा. त्याच्या पायाशी वेगळा डबा, आत काचेचा व्हॉल्व लालसर तापलेला.

"पुन्हा लावा," मालनबाई म्हणाली.

साहेबांनी टेप मागं फिरवली. पेटी वाजली, तबला वाजला, कोरसची पोरं गायली. पेटीवर जळबा, तिचा दीर. गायनपार्टी त्याची, गाणं मालनबाईनं रचलेलं. शेवटच्या कडव्यातली एक ओळ तिनं एकटीनं म्हणायची होती : 'जाऊ माझी चतुरा पाण्यावाचून गेली.' चतुरा जळबाची बायको. दोन वर्षांखाली दुष्काळात, खडी फोडायच्या कामावर असतानाच मेली.

ती ओळ आली. नुसती पेटी वाजली. पेटीच्या मागं, आडाच्या तळातून आल्यासारखं, काहीतरी कुजबुजलं. मग कोरस.

"मशीन आहे, बाई. होतं असं," सबनीस म्हणाले. "पण गाणं छान झालंय. राहू द्या."

सकाळी याच माणसानं ती ओळ गाळा म्हणून सांगितलं होतं. सरकारी कागदावर ऊन लागून लिहिलंय, कंपनीला तकलीफ होईल म्हणाले. "कागदाला तहान लागती का, साहेब?" असं तिनं विचारल्यावर ते हसले होते. बरं, गा म्हणाले. मग जमिनीवर खडूची फुली मारली आणि तिला तिथं उभं केलं. माईकच्या बाजूला.

मालनबाईनं फुलीकडं पाहिलं. मग माईककडं.

"साहेब, हे दोन तोंडाचं हाय. पुढून ऐकतं, मागून ऐकतं. बाजूनं ठार बहिरं."

सबनीसांचा हात बटनावरच राहिला.

"तुमीच दावलं न्हाई का सकाळी? गंमत म्हणून ते कानाला लावायचं मला देलं, अन् टाळ्या वाजवत फिरले. म्होरून वाजली, कानात फुटली. मागून वाजली, फुटली. बाजूला गेले, तवा नुसते हात हालून राहिले."

तिनं भिंतींकडं पाहिलं. बाजूनं जे काही उरलं असतं ते गोधड्यांनी पिऊन टाकलं होतं. तिच्याच गोधड्यांनी.

"वैनी," जळबा म्हणाला. तो पेटीच्या पट्ट्यांकडं बघत होता. "तबकडी निघून राहिली. आपल्या लोकाईची पहिली तबकडी. गावोगाव वाजंल."

"तुमाला ठावं व्हतं, भाऊजी?"

जळबानं भाता दाबला. सूर निघाला नाही, नुसती हवा निघाली.

"काहून? तुमची बायको व्हती ती. माझी तं नुसती जाऊ."

"नाव घेतलं म्हणून ती परत येती का?"

"अन् न्हाई घेतलं तं ती मेलीच न्हाई. कागद खरा."

सबनीस उठले. "हे बघा, एक टेक अजून घेऊ. तुम्ही मागच्या बाजूला उभ्या राहा. झालं समाधान? ओळीचं मी मुंबईला बघतो."

"मुंबईला कात्री असंल."

सबनीसांनी बटन दाबलं. टेप सुरू झाली. पेटी, तबला, कोरस. मालनबाई माईकच्या मागं उभी होती. जाळीच्या पलीकडं जळबाचा चेहरा, घामानं भिजलेला. शेवटचं कडवं आलं. तिची ओळ आली. जळबानं डोळे मिटून घेतले.

मालनबाई एक पाऊल पुढं सरकली. जाळीला ओठ लागतील इतकी. साहेबांनी सकाळपासून चारदा सांगितलं होतं : आत पट्टी आहे, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ, श्वाससुद्धा जपून घ्या, फुंकू नका. तिनं छाती भरून घेतली आणि फुंकलं. ओल्या तुराट्या पेटत नाहीत तेव्हा चुलीत फुंकतात तसं, पोटातून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

सबनीसांनी किंचाळून कानावरचं काढून फेकलं. मग बटनं फिरवली. पुन्हा फिरवली. माईकवर टिचकी मारली. मशीनचा काटा हलला नाही. व्हॉल्व तसाच लाल जळत होता.

"बाई, तुम्हाला कळतं का काय केलंत?"

"व्हय. आता समद्या बाजूनं सारखं झालं."

ती भिंतीकडं गेली आणि गोधड्या काढू लागली, आधी आपल्या अकरा. एकेक भिंत उघडी पडत गेली तसा तिच्या पावलांचा आवाज गोदामात मोठा होत गेला. जळबा अजून पेटीपुढंच बसला होता. मग त्यानं काही न वाजवता, पत्र्याच्या छपराकडं बघत, ती ओळ म्हटली. एकदाच. ती चारी भिंतींवरून परत आली.

चतुरा मेली त्या दिवशी खडीच्या कामावरचा रांजण काठोकाठ भरलेला होता. पाणी वाढणारा माणूस जेवायला गेला होता.