जळूचं पोट

तान्ह्या निधीला निजवून, सासूबाईंच्या हवाली करून प्रांजल मुलुंडच्या वैद्यबाईंकडे आली होती. तिच्या सुजलेल्या घोट्याला जळू लावत त्या म्हणाल्या, "याला रक्तमोक्षण म्हणतात. नासकं रक्त मोकळं करायचं. दुखतंय का गं?"

"छे! कळतसुद्धा नाही."

जळू फुगत चालली. सूज मात्र तशीच होती.

तेवढ्यात सासूबाईंचा फोन आला. "लवकर ये गं! निधीच्या घोट्यातून रक्त येतंय. पाळण्यात कायच नाय, पण पोर पांढरी पडत चाललीय!"

"बाई, काढा ही जळू!"

"ओढायची नसते गं, दात आत राहतात. पोट भरलं की आपणच सुटते."

फोनमधलं निधीचं रडणं बारीक होत गेलं. जळू अजून पीतच होती.