घरातला धागा

नवरा बाकावर बसला आणि फौजदारबाई चटकन औषधाच्या दुकानात शिरल्या. काचेतून रस्त्यापलीकडचा बाक नीट दिसत होता.

गल्लीनं त्यांना हे नाव उगाच दिलेलं नव्हतं. दूधवाल्याच्या मापापासून शेजारणीच्या गोड बोलण्यापर्यंत कशावरच त्यांचा विश्वास नसे. आज मात्र संशय घरातल्याच माणसावर होता. घड्याळं दुरुस्त करणारा माणूस. डोळ्यांना दिसेल न दिसेल असा स्क्रू उभ्या जन्मात कधी हरवला नाही त्याच्या हातून, आणि दोन हिवाळ्यांत दोन मफलर हरवले! माणसाच्या उंचीएवढे मफलर! बायकोनं स्वतः लोकर पिंजून, टकळीवर कातून, मग विणलेले. विचारलं की एकच उत्तर, "हरवला गं." आणि मान खाली. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

हरवला म्हणजे कुणाच्या तरी गळ्यात पडला, एवढं न कळायला फौजदारबाई काय काल जन्मल्या होत्या? विणायचं ते घरच्यांसाठी, घरातला धागा बाहेर जायचा नाही, हा त्यांचा कायदा. तो मोडायची कुणाची टाप नव्हती. आणि हा माणूस, केस पिकल्यावर, कुणा सटवीला... म्हणून तिसरा मफलर त्यांनी आज सकाळी स्वतःच्या हातानं त्याच्या गळ्यात घातला, आणि दुपारी तो दुकान बंद करून निघाला तशा त्या मागोमाग निघाल्या.

"काय देऊ बाई?" औषधवाल्यानं विचारलं.

"खोकल्याच्या गोळ्या."

"कोरडा की कफाचा?"

"दोन्ही. जरा बाजूला व्हा, दिसत नाहीये."

घड्याळजींनी खिशातलं घड्याळ काढून पाहिलं. परत ठेवलं. परत काढलं. वाट बघतोय मेला! फौजदारबाईंनी काउंटरची कड घट्ट धरली. आता येईल ती, आता दिसेल तिचं तोंड.

आलं कुणीच नाही. घड्याळजींनी गळ्यातला मफलर काढला, मांडीवर पसरून त्याची व्यवस्थित घडी घातली, वरून एकदा हात फिरवला आणि तो बाकावर ठेवून उठले. कॉलर वर केली आणि मागे वळून न बघता चालू लागले.

फौजदारबाई चक्रावल्या. कुणाला दिला तर नाही. विसरला म्हणावं, तर विसरणारा माणूस घडी कशाला घालेल?

"येणार, नक्की येणार," त्या पुटपुटल्या.

"कोण?"

"तुम्ही गोळ्या बांधा हो!"

बाकामागच्या शाळेची घंटा झाली. पोरं फाटकातून भराभरा बाहेर पडली. त्या गलक्यातून एक तरुण बाई लहान मुलाचं बोट धरून सरळ बाकाशी आली. इकडे-तिकडे पाहिलं नाही, की कुणाचा म्हणून विचारलं नाही. मफलर उचलला आणि दोन्ही हातांनी नाकाशी धरला. तोंड पलीकडे होतं. हीच ती भवानी! फौजदारबाई तिच्या झिंज्या उपटायच्या तयारीनं दाराशी पोचल्या.

तेवढ्यात ती दोघं रस्ता ओलांडून इकडेच आली, आणि फौजदारबाईंची नजर आधी पोराच्या टोपीवर गेली. करडी कानटोपी. धाग्यात जागोजागी जाडसर पेरं. फौजदारबाईंचा अंगठा जुना दुखरा, कातताना मध्येच अडायचा. तसला पेराळ धागा जगात दुसऱ्या कुणाचा नव्हता. गेल्या वर्षीच्या मफलरचीच ही लोकर, उसवून पुन्हा विणलेली. पण विणणारीचे टाके सैल पडले होते, आणि टोपी एका कानावर लोंबत होती.

ते सैल टाकेसुद्धा ओळखीचे निघाले. "घट्ट ओढ गं, घट्ट!" म्हणून त्या हातांवर किती चापट्या मारल्या होत्या त्यांनी!

"या घरातला एक धागासुद्धा तुला मिळायचा नाही," असं म्हणून लग्नाच्या वेळी ज्या लेकीच्या तोंडावर त्यांनी दार लावलं होतं, ती लेक काचेपलीकडून हातभर अंतरावरून गेली. वाळली होती. पोराशी काहीतरी बोलत हसत होती. हाक फौजदारबाईंच्या ओठांवर आली आणि स्वतःचेच ते शब्द आठवून तिथेच थांबली. त्यांना नवऱ्याचा राग आला, मग स्वतःचा आला, मग नुसतंच रडू आलं. त्या माणसानं धागा दिला नव्हता. तो फक्त हरवला होता.

"बाई, गोळ्या?"

"राहू द्या. उतरला खोकला."

संध्याकाळी घड्याळजी घरी आले. थंडीनं मान लाल झाली होती.

"मफलर?" फौजदारबाईंनी विचारलं.

"हरवला गं," ते म्हणाले आणि मान खाली घालून पुढच्या तोफेची वाट बघत उभे राहिले.

तोफ काही सुटली नाही. विणायच्या सुयांचा तेवढा आवाज येत राहिला. शेवटी घड्याळजींनी हळूच मान वर केली. बायकोच्या सुईवर इवलेसे टाके होते. मफलर तर नव्हताच, मोठ्या माणसाचा हातमोजाही त्यात बसला नसता.

"हे एवढंसं कुणाला गं?"

फौजदारबाईंनी वर न बघता धागा घट्ट ओढला.

"तुम्हाला," त्या म्हणाल्या. "हरवायला."